राहू दे, बाई

७ जानेवारी

प्रिय भोपू,

अनेक आशीर्वाद. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. परवा तू फोनवर समजावलंस तेव्हा सगळं कळल्यासारखं वाटलं, आणि संगणकासमोर जाऊन बसले तर त्यातलं ओ की ठो आठवेना. कागदावर असलं की पुन्हा पुन्हा वाचता येतं. म्हणून तूही कागदावरच उत्तर दे. तुझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे हे मला ठाऊक आहे. मी तुला बाराखडी शिकवलीय, तेव्हा मला ते लागेल.

हात दाखवून अवलक्षण कसं करून घेतलं ते ऐक. शिक्षकांच्या बैठकीत मोठ्या बाई म्हणाल्या की यंदा सातवीच्या मुलांनी गोष्ट वहीत न लिहिता संगणकावर करायची. चित्र, आवाज, मजकूर, सगळं एकत्र. तसलं सॉफ्टवेअर कुणाच्या माहितीत आहे का, असं त्यांनी विचारलं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, माझा भाचा तेच बनवतो. झालं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. संगणकाच्या सरांना तर इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे संगणकखोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. आता आठवड्यातून तीनदा मी आणि माझी चाळीस पोरं त्या खोलीत असतो, आणि कोण कुणाला शिकवतंय हे बाहेरून सांगता येणार नाही.

मी एक झाड ठेवलं, ते दिसेना. एक मुलगी म्हणाली, बाई, ते आहे, पण घराच्या मागे आहे. मग ते आहे म्हणायचं की नाही? गोष्टीला सुरुवात असते, मध्य असतो, शेवट असतो, हे मी इतकी वर्षं शिकवत आले. इथे म्हणे वाचणाऱ्यानं जिथे बटण दाबलं तिथे गोष्ट जाते. मग गोष्ट सांगतंय कोण? आणि ते बटण म्हणजे नेमकं काय, हे मला माझ्या भाषेत सांग.

तुझी आई परवा फोनवर म्हणाली की तू जेवणाच्या वेळा पाळत नाहीस. ते वेगळं रागवेन.

तुझी,
मावशी

१३ जानेवारी

मावशी,

नमस्कार. हाताने लिहायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीत अंगठा दुखायला लागला.

आधी एक गैरसमज काढतो. मी ते सॉफ्टवेअर बनवत नाही. बनवणारे वेगळे, ते माझ्यासमोरच्या टेबलांवर बसतात आणि माझ्याशी फारसं बोलत नाहीत. त्या सॉफ्टवेअरमध्ये जे शब्द दिसतात ते मी लिहितो. बटणावरचे, सूचनांचे, चुका दाखवणारे. एवढंच. शाळेत कृपा करून तसं सांग.

आता तुझ्या भाषेत. पान म्हणजे खोली समज. बटण म्हणजे दार. कुठलं दार कुठल्या खोलीत उघडतं हे गोष्ट करणारा ठरवतो. वाचणारा दार निवडतो, पण घर बांधलेलं असतं तुझ्या मुलांनीच. तेव्हा गोष्ट तेच सांगतायत, काळजी करू नकोस. दार उघडल्यावर नवी खोलीच यायला हवी असंही नाही. नुसता आवाज येऊ शकतो, चित्र हलू शकतं.

पडद्याच्या डाव्या बाजूला एक पट्टी दिसेल, तिचं नाव साठा. मुलं जी चित्रं, जे आवाज आत आणतील ते सगळं तिथे राहतं, गोष्टीत वापरलं काय, नाही काय. आणि एखाद्या बटणाला काम द्यायचं राहून गेलं, तर वर लाल अक्षरांत येतं, ‘या बटणाला काम दिलेलं नाही.’ ते वाक्य माझं आहे. त्यावर ऑफिसात आठवडाभर वाद झाला होता. त्यांना ‘चूक’ हा शब्द हवा होता. मुलं घाबरतील म्हणून मी तो काढायला लावला.

आणि झाड घराच्या मागे असलं तरी असतंच की.

जेवतोय. आईला सांग.

भोपू

३० जानेवारी

प्रिय भोपू,

तू बनवत नाहीस हे मी मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मोठी माणसं असंच बोलतात. मलाही तेच वाटतं. असो.

तुझं ते खोली आणि दार वर्गात अगदी जसंच्या तसं सांगितलं, आणि पोरांना असं काही उमजलं की मीच मागे पडले. एकाने आजोबांचं घोरणं आणून त्याचा राक्षस केलाय. दुसऱ्याची फुटबॉलची गोष्ट आहे आणि त्यातलं कुठलंही बटण दाबलं तरी गोलच होतो. मी म्हटलं, अरे, हरायलाही एखादी वाट ठेव. तो म्हणाला, मग ती कोण दाबेल?

पण विचारायचंय ते दुसरंच. यंदा एक मुलगी नवीन आलीय. सारखं पेन्सिलचं टोक कुरतडते म्हणून वर्गात सगळे तिला खार म्हणतात, आणि तिला ते चालतं. बोलते फार कमी. वडील लिफ्ट दुरुस्त करतात, आई कामासाठी बाहेरगावी असते, धाकटी बहीण आमच्याच शाळेच्या बालवर्गात आहे. मधल्या सुट्टीत ही तिला डबा भरवायला जाते.

या खारीने तुझं बोलणं शब्दशः घेतलं आणि स्वतःचं घरच काढलं. स्वयंपाकघरात गेलं की नळाचा थेंब पडतो आणि वडील काहीतरी गुणगुणतात. खिडकीवर दाबलं की खाली लिफ्टचं दार लागल्याचा आवाज. पलंगावर दाबलं की धाकटी हसते. इतकं साधं आणि इतकं खरं, की मी तीनदा पाहिलं. घराला बाहेरचं एक दार आहे, निळं. त्यावर तिने ‘आई’ असं लिहिलंय. ते दाबलं की काहीच होत नाही. आणि वर तुझं लाल वाक्य.

मला वाटलं, राहून गेलं असेल. मग साठ्याच्या पट्टीत पाहिलं, तर तिथे एक आवाज पडून होता. कुणीतरी बाई बोलते, हसत हसत, धाप लागलेली. ‘अगं, दार उघड, हात भरलेत माझे.’ बस, एवढंच. तो आवाज कुठेच वापरलेला नाही. आता तूच सांग, दार तिथे, आवाज इथे. पोरीला जोडता आलं नाही, की जोडायचं नाही? मधली एखादी पायरी तिला कळली नसेल का? आमचं प्रदर्शन फेब्रुवारीच्या मध्यावर आहे. शिक्षणखात्यातून पाहुणे यायचेत, आणि मोठ्या बाईंनी बजावलंय की एकाही गोष्टीवर लाल अक्षरं दिसता कामा नयेत.

मावशी

४ फेब्रुवारी

मावशी,

घाईत लिहितोय. जोडायला अगदी सोपं आहे. आवाजावर बोट ठेव, म्हणजे माऊस ठेव, दाबून धर आणि ओढत नेऊन दारावर सोड. लाल ओळ आपोआप जाते.

मुलांच्या हातून ही पायरी नेहमी राहते. आवाज आत आणतात, त्यांना वाटतं झालं. आमच्याकडे यावर इतक्या तक्रारी येतात की विचारू नकोस. बहुतेक तेच असणार. आवाज पोरीनेच आईची नक्कल करून काढला असेल, या वयात मुली छान नकला करतात. तरी जोडण्याआधी तिला एकदा विचार.

भोपू

१० फेब्रुवारी

प्रिय भोपू,

दोनच ओळी. विचारलं. ती दप्तर भरत होती. मी म्हटलं, अगं, तुझ्या निळ्या दाराचं राहिलंय का? म्हणाली, हो. म्हटलं, मग करूया का आपण? तर मान खाली घालून म्हणाली, “राहू दे, बाई.” पोर भिडस्त. मला त्रास नको म्हणून सांगत होती. धाकटीचा बालवर्ग सुटायची वेळ झाली होती, ती पळाली. मग मीच तू सांगितलंस तसं ओढून सोडलं. पहिल्याच फटक्यात जमलं, भोपू. लाल ओळ गेली आणि दार दाबलं तर काय सुंदर बोललं ते. या वयात मी एक दार उघडलं.

मावशी

२७ फेब्रुवारी

मावशी,

प्रदर्शन होऊन गेलं असेल आणि तू हारतुऱ्यात बुडालेली असशील, म्हणून पत्र नाही असं धरून चाललोय. आई म्हणते, फोनवरही तू दोन शब्द बोलून ठेवून देतेस. बक्षीस मिळालं की माणसं अशी बदलतात हे मला माहीत नव्हतं.

खरं तर एक काम आहे. ऑफिसात मी तुझ्या खारीच्या घराबद्दल बोललो. आमच्या प्रमुखांना फार आवडलं. शाळांना दाखवायला अशी एखादी गोष्ट त्यांना हवीच होती. तू ती पाठवशील का? मुलीच्या घरच्यांची परवानगी घेऊन अर्थात. निळं दार उघडतं ते खास पाठव.

भोपू

५ मार्च

प्रिय भोपू,

पाठवणार नाही. का ते सांगते. मला अजून नीट सांगता येईल असं वाटत नाही, कारण काय झालं हे मलाच पुरतं कळलेलं नाही.

सभागृहात मोठा पडदा लावला होता. पालक आले होते. खारीचे वडील कामावरूनच आले, अंगात कंपनीचा निळा डगला, खांद्यावर धाकटी. खारीची पाळी आली. ती स्वतः माऊस घेऊन बसली. स्वयंपाकघर दाखवलं, खिडकी दाखवली, पलंग दाखवला, लोक हसले. निळ्या दाराकडे ती गेलीच नाही. मी बाजूला उभी राहून मनात म्हणत होते, अगं, दाब की. मी तिला सांगितलंच नव्हतं, भोपू. तिला आपोआप दिसेल आणि ती खूश होईल, असं मी ठरवून ठेवलं होतं.

पाहुण्यांनी विचारलं, आणि ते दार? खार म्हणाली, ते उघडत नाही. पाहुणे हसले, बघू तर, म्हणाले आणि त्यांनी माऊस घेऊन दार दाबलं.

आवाज आला. मोठ्या सभागृहात तो फारच मोठा आला.

खारीने हात झटकन मांडीवर घेतले. तिचे वडील उभेच होते, ते तसेच राहिले. पण धाकटी त्यांच्या खांद्यावरून सरसर खाली उतरली, खुर्च्यांच्या मधून धावत आली आणि पडद्याच्या मागे गेली. मागे भिंत होती आणि वायरी. ती तिकडून बाहेर आली, पुन्हा आत गेली, दुसऱ्या बाजूने बाहेर आली. मग सगळ्यांच्या पुढे उभी राहून तिने विचारलं, “आई कुठे लपलीय?”

लोकांना वाटलं, हे गोष्टीतलंच आहे. टाळ्या वाजल्या. पाहुणे म्हणाले, याला म्हणतात जिवंत गोष्ट. वडिलांनी येऊन धाकटीला उचललं, खारीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिघं निघून गेले. आपल्याला पहिला नंबर मिळाला. ते स्टेजवर पुकारत होते तेव्हा मी दारापाशी होते. मी खारीला गाठून म्हटलं, अगं, मला वाटलं तुझ्याकडून राहिलं. ती म्हणाली, “मी म्हटलं होतं ना, राहू दे.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आयुष्यभर भाषा शिकवणारी बाई मी. ‘तसदी घेऊ नका’ आणि ‘आहे तसंच असू द्या’ हे दोन्ही आपण त्याच दोन शब्दांत म्हणतो. मला ऐकायचा होता तो अर्थ मी ऐकला.

बालवर्गाच्या बाईंकडून मग कळलं. त्यांना ते सांगून ठेवलेलं होतं, मला नव्हतं. आई बाहेरगावी नाही. मागच्या वर्षी दुसऱ्या शहरात दवाखान्यात गेली ती तिथेच वारली. धाकटीला सांगितलेलं नाही. तिला माहीत आहे ते एवढंच, की आई कामाला गेलीय. तिच्या कानावर जाऊ नये म्हणून खारही शाळेत तेच सांगत आली.

दोघी बहिणी तेव्हापासून शाळेत आलेल्या नाहीत. मी काय करू? घरी जाऊ की नको?

मावशी

११ मार्च

मावशी,

तुझं पत्र वाचून मला माझ्या २७ तारखेच्या पत्रातली थट्टा आठवली. तू काही केलंस असं म्हणायचं, तर ओढून सोड असं मी सांगितलं होतं. मी सांगितलं असं म्हणायचं, तर आधी पोरीला विचार असंही मीच लिहिलं होतं, आणि तू विचारलंसही. तिने खरं उत्तर दिलं. मग बिघडलं कुठे? मी कागदावर क्रमाने मांडून पाहिलं, आमच्याकडे एखादी बिघाडाची तक्रार आली की मांडतात तसं. कुठल्याच पायरीवर बोट ठेवता येत नाही. फक्त तेवढी एक लाल ओळ आहे, जिच्यामुळे तुला काहीतरी दुरुस्त करायचंय असं वाटलं.

प्रमुखांना सांगितलं की ती गोष्ट मिळणार नाही. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं, घरगुती आहे.

जा की नको जाऊ, मला खरंच माहीत नाही. मला वाटतं, त्यांनी बोलावलं तर जा. नाहीतर थांब. पण मी काय, मी तर ‘बहुतेक तेच असणार’ असं लिहिणारा माणूस.

भोपू

२४ मार्च

प्रिय भोपू,

त्यांनी बोलावलं.

आधी वडील शाळेत आले. मी माफीची वाक्यं तयार ठेवली होती. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, तो आवाज तुमच्याकडे आला कुठून? माझ्या लक्षात आलं की ते रागवायला आलेच नव्हते. त्यांच्या घराची बेल बिघडली होती तेव्हा बायकोने जिन्यावरून फोनवर बोलून पाठवलेला तो निरोप. पुढे त्यांचा तो फोन बंद पडला आणि आवाज गेला, असं ते धरून चालले होते. खारीने फोनची शेवटची धुगधुगी असताना तो आमच्या शाळेतल्या माईकसमोर वाजवून घेतला होता, आणि कुणाला न सांगता साठ्यात ठेवला होता. शाळेचा संगणक रोज फडक्याने पुसतात, रात्री कुलपात ठेवतात. तिला तीच सगळ्यात सुरक्षित जागा वाटली.

त्यांना संगणकखोलीत नेलं. खुर्ची दिली, ते बसले नाहीत. उभ्यानेच ऐकलं. पुन्हा लावू का म्हटलं, तर मानेने नको म्हणाले. मग म्हणाले, “बटण दाबून काही झालं नाही की लोक मला बोलावतात, बाई. इथे दाबलं आणि झालं, तर मी काय करायचं?”

धाकटी घरी रोज विचारत होती की शाळेत आईला आणायला कधी जायचं. मी शाळेतली बाई, म्हणून तिला वाटत होतं आई माझ्याकडे आहे. खारीने वडिलांना सांगितलं होतं, आता तिला खरं सांगायचं आणि त्या वेळी बाईंनी तिथे असायचं. आवाज दाराला जोडलाय तो त्यांनीच, असं तिचं म्हणणं.

गेले. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खारीने काढली तशीच. नळ खरंच गळतो. दार मात्र निळं नाही, तपकिरी आहे. का कोण जाणे, त्यानेच मी बावरले. मी रस्त्यात बरंच काही जुळवून आणलं होतं, लहान मुलांना सांगतात तसलं. वडील धाकटीला मांडीवर घेऊन बसले आणि माझ्याकडे बघू लागले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग खारच खाली सतरंजीवर तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, “आई मेलीय. मागच्या वर्षीच. आम्ही तुला सांगितलं नाही, ते चुकलं.”

धाकटी रडली नाही. तिने बापाच्या डगल्याचं बटण उघडलं, लावलं, उघडलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “मग शाळेत कोण बोललं?”

भोपू, खार म्हणाली, मला नाही माहीत. मी भाषेची बाई आणि मला एक वाक्य करता येईना. तू त्या दारांच्या कारखान्यातला माणूस आहेस, तूच सांग. मेलेल्या माणसाचा आवाज दार दाबल्यावर बोलला, तर कोण बोललं म्हणायचं?

मावशी

२ एप्रिल

मावशी,

फाइल बोलली, असं म्हणता येईल. ते अगदी बरोबर आहे आणि कुठल्याही पोरीला सांगू नये असं आहे. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या दोघांनाही विचारलं. एकजण म्हणाला, स्पीकर बोलला. दुसरा उठून बाहेर गेला आणि त्याच्या आईला फोन करून आला.

मग मी बैठकीत विषय काढला. लाल वाक्य बदलू, म्हटलं. प्रमुख म्हणाले, बटण मुद्दाम रिकामं कोण ठेवतं? मी नावगाव न घेता सगळी हकिगत सांगितली. आता मी असं सुचवलंय, ‘या बटणाला काम दिलेलं नाही. असंच ठेवायचं आहे का?’ खाली ‘हो’ म्हणायची सोय, आणि हो म्हटलं की लाल ओळ गेली. मंजूर होईल की नाही कळत नाही. एकजण म्हणतो, मुलं आळसाने सगळीकडे हो म्हणतील. तेही खरंच आहे.

धाकटी काय करते? झोपते ना नीट?

भोपू

२० एप्रिल

प्रिय भोपू,

दोघी शाळेत यायला लागल्यात. खारीला मी या वेळी समोर बसवून विचारलं की ते दार पूर्वीसारखं करायचं का. ती फळ्याकडे बघत राहिली, मी थांबले. मग म्हणाली, मी करते. तिने स्वतः जोडणी काढली. लाल ओळ परत आली. मोठ्या बाईंनी पाहिली आणि विचारलं तर मी म्हटलं, त्या दाराला काम दिलेलं नाही. त्यापुढे त्यांनी काही विचारलं नाही. आवाज मात्र तिने वडिलांच्या नव्या फोनवर घेऊन दिला.

धाकटीच्या प्रश्नाचं म्हणशील, तर ते उत्तर खारीनेच शोधलं. मधल्या सुट्टीत डबा भरवताना धाकटीने पुन्हा विचारलं, आणि ही म्हणाली, “आईच बोलली. पण ती तेव्हाची.” बालवर्गाच्या बाईंनी ऐकलं आणि मला येऊन सांगितलं. धाकटीने यावर काय केलं, विचारलं, तर घास घेतला म्हणे.

पण मिटलं असं समजू नकोस. घरी ती रोज संध्याकाळी आवाज लावायला सांगते. ‘अगं, दार उघड, हात भरलेत माझे’ ऐकलं की उठते, टाचा उंचावून कडी काढते, दार उघडते, जिन्यात बघते आणि परत येऊन बसते. रोज. वडिलांना ते बघवेना. आवाज पुसून टाकू का, असं विचारायला ते माझ्याकडे आले होते. मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. कळत असून दार उघडते की कळलेलं नाही म्हणून? खारीला विचारलं तर ती म्हणाली, उघडू दे तिला.

काल त्यांच्याकडे गेले होते. बोलावणं नव्हतं, तशीच गेले. चहा झाला. धाकटीने आवाज लावायला लावला, ऐकला, गेली, कडी काढली, जिन्यात डोकावली आणि येऊन चित्र काढायला बसली. जिन्यातून वारा येत होता, पण उठून दार लावायला कुणीच गेलं नाही. वडील कपबशा विसळत होते. जरा वेळाने धाकटी म्हणाली, परत लाव. खारीने लावला. मी धाकटीकडे बघत होते. ती जागची हलली नाही. रंग देत होती तो हातही थांबला नाही. मान वर न करता, जिन्यातल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिने हाक घातली, “उघडंच आहे.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. धाकटीने पाण्यात ब्रश बुडवला आणि खारीला विचारलं की हिरवा संपला तर काय करायचं. पिवळ्यात निळा घाल, खार म्हणाली.

तुझी,
मावशी